पागोट्यातलं विरजण

महादबुवा माळी रानातून परत येताना दिसले की लोक रस्त्याच्या कडेला सरकत. त्यांच्या पागोट्यात काय असेल याचा नेम नसे. बाकीचे लोक रानातून बोरं आणत, डिंक आणत. बुवा रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या, ताज्या लेंड्या आणत. त्याही पळसाच्या पानात बांधून, पागोट्याच्या घडीत, थेट डोक्यावर.

"अहो, डोक्यावर कशाला?" मी एकदा विचारलं.

"ऊब लागते त्याले, मुनीमजी. थंडं झालं का मरते ते."

"काय मरतं?"

"इरजन!" बुवा म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहू लागले, जसा काही मीच खुळा.

मी तेव्हा अमरावतीला कापसाच्या एका अडत्याकडे मुनीम होतो आणि बुवांच्या मळ्याला लागून माझं बिऱ्हाड होतं. बुवा एकटेच. एक गाय, वांग्यांचे वाफे आणि हे विरजणाचं वेड, एवढाच त्यांचा संसार. त्यांचं म्हणणं असं, की दुधाचं आपोआप दही होत नाही, तसं जगात काहीच आपोआप होत नाही. मातीला जुन्या मातीचं विरजण लागतं, पोटाला आईच्या पोटाचं. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी जिवंत एकातून दुसऱ्यात जातं आणि त्याच्यावर सगळं चालतं. "तुमच्या पोटात आख्खं गाव वसलं हाये," असं ते मला नेमके जेवताना सांगत. माझा घास तोंडातल्या तोंडात फिरे.

सगळेच प्रयोग साधले असं नाही. वडाखालची माती वांग्यांना घातली, वांगी झकास आली. मग बुवांना चेव चढला. त्यांनी मिरच्यांना घागरभर ताक पाजलं. मळ्यात मुंग्यांची जत्रा भरली. टरबुजं गोड व्हावीत म्हणून अस्वलाची विष्ठा आणून पुरली, कारण अस्वल मध खातं. टरबुजं बेचव निघाली आणि त्या वासानं कितीतरी दिवस माझ्याकडे पाहुणा फिरकला नाही.

"चुकलं," बुवा शांतपणे म्हणाले. "अस्वलाचं इरजन अस्वलाले."

पुढे अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि इकडे कापसाचा भाव चढला. जो तो पडीक जमिनी नांगरू लागला. बुवांच्या मळ्यामागेही त्यांचं थोडं पडीक रान होतं, गवताचं आणि बाभळींचं. तिथे रोह्यांचा कळप येई. रोही मोठं शिस्तीचं जनावर; ठरल्या जागीच लेंड्या टाकतं. तिथला ढीग म्हणजे बुवांचं भांडार. पण त्या वर्षी सगळ्यांना मोह झाला, तसा त्यांनाही झाला. त्यांनी तिथे नांगर घातला आणि कपाशी लावली. रोही सवयीनं आले, कपाशीत शिरले, आणि आजूबाजूच्या शेतांच्या राखणदारांनी त्यांच्यावर कुत्री सोडली. कळप गेला तो गेलाच. मागे एक पिल्लू तेवढं राहिलं.

बुवांनी ते उचलून घरी आणलं, गाईचं दूध पाजून जगवलं. पण ते गवताला तोंड लावू लागलं आणि पंचाईत झाली. खाल्लं की पोट नगाऱ्यासारखं फुगे. हगवण थांबेना, रवंथ तर ते करतच नव्हतं. बुवांनी गाईच्या तोंडातला रवंथाचा चोथा काढून त्याला चारला. तोही लागू पडला नाही. पिल्लाच्या बरगड्या वर आल्या.

"त्याच्या मायचंच पाह्यजे," बुवा म्हणाले. "अन् ते होतं तिथं म्या कपाशी लावली."

दुसऱ्या दिवसापासून ते पोहऱ्याच्या रानाकडे जाऊ लागले. दिवस ऐन वेचणीचे. बोंडं फुटून कापूस गळत होता, मजूर मिळत नव्हते.

"बुवा, सोनं मातीत चाललंय!" मी ओरडलो.

"जाऊ द्या," म्हणाले आणि चालू पडले.

दुपार टळली की घामानं निथळत परत येत. कधी वाळक्या लेंड्या मिळत, कधी काहीच नाही, कारण तिकडेही नांगर पोचले होते. अखेर एकदा ताज्या मिळाल्या. बुवांनी त्या पाण्यात कालवल्या आणि बोटानं पिल्लाच्या घशाला लावल्या. पेठेतली मंडळी कुंपणाशी उभी राहून पोट धरधरून हसली. बुवा मात्र रोज जात राहिले, रोज लावत राहिले.

आणि एका सकाळी पाहतो तो पिल्लू गोठ्यात निवांत बसलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, जबडा हळूहळू हलतोय. रवंथ! मी आनंदानं ओरडलो. कुंपणापाशी हसणारी मंडळीच आता "वा बुवा!" करू लागली. मला वाटलं, बुवा आता नाचतील. बुवा भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडात पागोट्याचं टोक कोंबून रडू लागले.

मंडळी चपापली आणि एकेक करून पांगली. मी जवळ बसलो.

"रडता कशाला, बुवा? वाचलं की ते."

"वाचलं म्हनूनच." "माही बायको बाळंतपनात गेली. पोरगी मांगं राह्यली. तिले गाईचं दूध पाजलं, बकरीचं पाजलं. असंच पोट फुगे. अशीच हगवन. गावकुसाबाहेरची एक लेकुरवाळी बाई दारात आली होती, तिले आंगावर पाजाले. म्या तिले पायरी चढू देली नाई. जातीपायी आडवा आलो." त्यांनी नाक पुसलं. "या जनावरासाठी म्या रान तुडवलं, मुनीमजी. अन् पोरीचं इरजन दारात चालत आलं होतं, ते म्या परत धाडलं."

मी विचारलं, "नाव काय होतं पोरीचं?"

"बारसं कराचं राह्यलं," बुवा म्हणाले.