सारजाआत्यांची लाथ

सारजाआत्यांची लाथ खायला लोक बैलगाडी जुंपून येत. मी लग्न होऊन अमरावतीहून अकोल्याला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी खिडकीतून पाहिलं, तर शेजारच्या अंगणात एक धिप्पाड हमाल पालथा पडलेला आणि एक वाळक्या अंगाची म्हातारी त्याच्या कमरेवर पाय देऊन त्याला फैलावर घेत होती.

"वाकून उचललं ना पोतं? बोल! गुडघे काय देवानं शोभेले देल्ले का तुले?"

"चुकलं माय, चुकलं," हमाल मातीत तोंड खुपसून कण्हत होता.

सासूबाईंनी सांगितलं, आत्या पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय लागला की कमरेतली उसण उतरते, लचक निघते, असं सगळं वऱ्हाड मानायचं. कापसाचा हंगाम लागला की सरकी काढायच्या जिनातले हमाल, आडतीवरचे गडी, गाडीवाले असे सगळे आत्यांच्या अंगणात ओळीनं पालथे.

स्वतः आत्यांचा मात्र त्या पायावर काडीचा विश्वास नव्हता.

"पायात काय हाय? मांस ताणते, शीर आखडते, दोन-चार दिवसांत आपसुक सुटते."

"मंग लाथ कावून मारता?" मी विचारलं.

"लाथ खाल्ल्याबिगर ऐकत नाहीत ना बाई. मिठाची पुरचुंडी गरम करून शेक म्हटलं तं हो म्हणतात, आन दुसऱ्या रोजी पुन्हा पोतं उचलतात. कमरेवर पाय देल्ला का कान उघडतात."

मग त्या उघडलेल्या कानांत आत्या ओतायच्या. एखादा दिवस पड, गुडघ्याखाली उशी घे. मग ऊठ, हळूहळू चाल. खाटेला चिकटून राहिलास तर कंबर लाकूड होईल. ओझं बसून उचल, पोटाशी धर. पाय ठेवण्याआधी त्या प्रत्येकाच्या पायाच्या बोटांना चिमटे काढायच्या. बोट बधिर लागलं, मांडीतून मुंग्या येतात किंवा लघवी कळत नाही असं कोणी म्हटलं, की पाय वर उचलायच्याच नाहीत. "सरकारी दवाखान्यात जाय. हे माह्या पायाचं काम नाही." कोणी पायावर नारळ ठेवला तर तो फोडून त्याच्याच हातावर खोबरं ठेवायच्या.

आत्या माळ्याच्या घरातल्या. मोर्णा नदीच्या काठी भावांचा फुलांचा मळा होता. संसार म्हणजे काय ते कळायच्या आतच नवरा गेला, आत्या माहेरी परत आल्या त्या कायमच्या. पुढे भाऊ गेले. पुतण्यांनी कडेची खोली आणि अंगणापुढचे चार वाफे तेवढे दिले. हळदीकुंकवाला कोणी बोलवायचं नाही, बारशाला नाही. शिवाय पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ भरून आलं की विहिरीवरून परतणाऱ्या बाया त्यांच्यापासून लांब चालायच्या. सकाळी ज्यांनी नवऱ्याला लाथेला आणलेलं असायचं, त्याच संध्याकाळी रस्त्याची दुसरी कड धरायच्या.

"कमरेपुरती मी लई शुभ हाय," आत्या म्हणायच्या.

गल्लीच्या टोकाला दादासाहेबांचं माडीचं घर होतं. मोठे जमीनदार. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, गड्यांना हंडा कसा उचलावा हे दाखवायला गेले आणि कमरेत उसण भरून तसेच वाकडे राहिले. दिवेलागणीला दोघा गड्यांच्या खांद्यावर भार टाकून मागच्या दारानं आत्यांकडे आले. लाथ खाताना कोणी पाहू नये एवढीच काळजी. पालथे पडले आणि घडी घातलेला टॉवेल कमरेवर टाकून घेतला. माळणीचा पाय अंगाला लागायला नको.

आत्यांनी टॉवेलकडे पाहिलं. "दादासाहेब, टावेल जाड हाय. जोर जास्त लागन."

आणि दिला त्यांनी जोर! खिडकीआड मी आणि सासूबाई तोंडात पदर कोंबून बसलो होतो. पण दादासाहेब सरळ झाले. जाताना म्हणाले, "आत्या, उद्या लग्नाले आलंच पायजे."

ते गेल्यावर आत्या मला म्हणाल्या, "जेवाले बोलावते, का पुन्हा उसण भरन म्हणून हाताशी ठेवते?" पण दुसऱ्या दिवशी पाहते तो लुगडं धुऊन, घडी करून गादीखाली दाबून ठेवलेलं. नवरीसाठी मोगऱ्याचा हार स्वतः गुंफलेला. तसा भरगच्च हार मी पुन्हा पाहिला नाही.

आम्ही दोघी बरोबरच गेलो. हार दादासाहेबांच्या बहिणीनं दारातच घेतला आणि आत नेला. आम्ही मांडवात बसलो. मुहूर्ताला वेळ होता. वैशाखाचं ऊन होतं, आणि बघता बघता आभाळ काळं झालं. एक गडगडाट झाला. आत्यांच्या शेजारची बाई सरकली. मग तिच्या पलीकडची. कुजबूज आत गेली आणि ती बहीण बाहेर आली.

"आत्या, तुमी घरी जा बरं. मांडवात लेकरंबाळं हायेत. ईज पडली तं?"

दादासाहेब चार हातांच्या अंतरावर उभे होते, ताठ कमरेनं, पाहुण्यांना रामराम करत. आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, आणि लगेच वाजंत्रीवाल्यांवर ओरडायला लागले.

आत्या उठल्या. त्यांच्या मागोमाग मीही उठले.

बाहेर गारा सुरू झाल्या होत्या. आत्या पुढे, रागानं झपझप. वळणावर चिखलात पाय सरकला. पडल्या नाहीत, पण सावरताना कमरेत असा हिसका बसला की कंबर धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी खांदा दिला आणि कशीबशी घरी आणलं. वीज कुठेच पडली नाही. लग्न थाटात लागलं. वाजंत्री आम्हाला खोलीतही ऐकू येत होती.

ज्यांच्या कमरा आत्यांनी सरळ केल्या त्यांतलं कोणी विचारायला आलं नाही. दादासाहेबांचा गडी बुंदीचं ताट उंबऱ्यावर ठेवून गेला.

"गाईले घाल," आत्या म्हणाल्या.

"तुमच्यासाठी पायाळू कुठून आणू आता?" मी म्हटलं.

त्या हसल्या आणि हसता हसता कळवळल्या. "पायाळूले चुलीत घाल. तेल गरम कर."

ओवा-लसूण टाकून तेल कढवलं. कमरेवर हात ठेवला तशा त्या दचकल्या.

"दुखलं का?"

"नाही." त्यांनी तोंड उशीत घातलं. मग म्हणाल्या, "माय गेली तवापासून कोनी हात नाही लावला."

मी चोळत राहिले. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही.

पुढच्या आठवड्यात अंगणात आले तर कुंपणापलीकडे आत्या दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन वाफ्यांना पाणी घालत होत्या. ताठ, तरतरीत. माझी चाहूल लागली तशा त्यांनी बादल्या खाली ठेवल्या, कमरेवर हात नेला आणि ओट्यावर बसल्या.

"सूनबाई, अजून चमक मारते व."

मी घरात गेले आणि तेलाची वाटी चुलीवर ठेवली.