कंपनीच्या खर्चानं

लोवेल हॅवरकॅम्पला राग यायला एरवी कारण लागत नसे. या वेळी मात्र कारण होतं, आणि तेही कंपनीनं पुरवलेलं.

आयोवातल्या डब्यूकहून त्याची बदली टेनेसीतल्या चॅटनूगाला झाली तेव्हा मॅनेजर गॅरेट व्हॉस त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला होता, "सामान हलवायचा खर्च आमचा. नव्या घराच्या कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याजही आम्ही भरू. तुम्ही फक्त या!"

लोवेल घरी आला तो तरंगतच. त्याच्या बायकोला, कोरीनला, जायचंच नव्हतं. तिच्या बहिणी, तिचं चर्चमधलं गाणं, सगळं डब्यूकला.

"अगं, फुकट आहे सगळं!"

"फुकट आहे म्हणून तू इस्पितळातही भरती होशील."

पण गेले. आणि खर्च कंपनीचा म्हटल्यावर लोवेलनं मागे काही म्हणजे काही ठेवलं नाही. कुणीही न वाजवणारा पियानो घेतला, गंजलेलं गवत कापायचं यंत्र घेतलं, तळघरातला बंद पडलेला फ्रीजही घेतला. (ट्रक कंपनीचा असताना चालू-बंद कोण बघतं?)

पुढच्या वसंतात कोरीन टॅक्स भरायला कॉम्प्युटरसमोर बसली आणि एकदम म्हणाली, "लोवेल, एवढा पगार वाढला आणि मला बोलला नाहीस?"

"कुठं वाढलाय?"

"इथं दिसतोय ढळढळीत. कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिच्यावर उडवलास!"

लोवेलनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. ट्रकचं भाडं, हमालांची मजुरी, कर्जाचं व्याज, सगळं त्याच्या पगारात धरलेलं. हातात एक डॉलर न पडता तो कागदोपत्री श्रीमंत झाला होता आणि सरकार वाटा मागत होतं.

"बंद फ्रीजवर टॅक्स?" तो किंचाळला.

"त्याच्या प्रवासावर," कोरीन म्हणाली. "मी म्हटलं होतं, टाकून दे."

लोवेलला ते जास्त झोंबलं. कारण चूक एकट्या कंपनीची असती तर नुसतं ओरडून भागलं असतं. इथं बायकोचंही बरोबर निघत होतं.

दुसऱ्या दिवशी तो थेट व्हॉसच्या केबिनमध्ये घुसला. "ही फसवणूक आहे!"

"खर्च भरू म्हटलं होतं, भरला," व्हॉस शांतपणे म्हणाला. "टॅक्स भरू असं कुठं म्हटलं?"

"मग आता भरा!"

"भरतो की. पण आम्ही भरलेला टॅक्सही तुमची कमाईच धरतात. त्याच्यावर पुन्हा टॅक्स..."

लोवेलच्या कानांतून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली. "नोकरी सोडतो मी!"

"सोडा. फक्त दोन वर्षांच्या आत सोडलीत तर बदलीचा सगळा खर्च परत करायचा. सही आहे तुमची."

लोवेलनं टेबलावर अशी मूठ आपटली की व्हॉसची कॉफी त्याच्याच टायवर सांडली. व्हॉस टाय पुसत समजुतीनं म्हणाला, "हे बघा, डब्यूकला एक जागा रिकामी झालीय. बायकोला घेऊन परत जा. सामानाचा सगळा खर्च कंपनी..."

"खबरदार!" लोवेल गरजला. बाहेरच्या टेबलांवरचे लोक उठून उभे राहिले. "खबरदार माझ्यावर एक डॉलर खर्च केलात तर! मी माझ्या पैशानं जाईन! खुर्च्या डोक्यावर घेऊन जाईन, पण तुमचा ट्रक दारात दिसला तर काचा फोडीन!"

व्हॉसच्या चेहऱ्यावर असा आनंद लोवेलनं आजवर कधी पाहिला नव्हता. तो उठला, पुढे आला आणि दोन्ही हातांनी लोवेलचा हात धरून म्हणाला, "मान्य!"

घरी कोरीननं बातमी ऐकली आणि तिनं लोवेलला चक्क मिठी मारली. "परत डब्यूकला! खरंच? व्हॉस ऐकतच नाही म्हणायचास ना?"

"आज ऐकलं," लोवेल खुर्चीत कोसळत म्हणाला. "शब्दन् शब्द."