रामटेके काकांच्या गालातलं मौन

रामटेके काकांशी बोलताना मध्येच त्यांचं एक बोट वर जातं. तोंड मिटतं, हनुवटी उचलली जाते आणि वाक्य तिथंच लटकतं. नर्मदेकाठच्या आमच्या गढा वस्तीत पान खाणारेही असंच करतात, त्यामुळे नवखा माणूस पिचकारीच्या भीतीनं घाईनं पाय मागे घेतो. पण काकांच्या गालात पान नसतं. सिगारेट सोडण्याचं औषधी च्युइंगगम असतं.

मुळात काका हा बोलघेवडा माणूस. समोरच्याचं वाक्यही तेच पुरं करायचे. काकूंना दम्याचा त्रास. त्या दोन शब्द बोलून श्वास घ्यायच्या, तेवढ्यात बाकीचं काका बोलून मोकळे. ‘मीठ...’ असं काकूंनी म्हणायचा अवकाश, ‘कमी आहे, मालूम आहे,’ म्हणून काका वरून मीठ घालायचे आणि खारट आमटी मुकाट्यानं खायचे.

हिवाळ्यात नागपूरहून त्यांची मुलगी वैशाली आली. तिनं सरळच सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत बाबांची सिगारेट सुटली नाही, तर आईला मी घेऊन जाईन. काका हसले. वैशाली हसली नाही. दुसऱ्या दिवशी काका डॉक्टरकडे हजर.

हळू चावा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवा, असं डॉक्टर सांगत होते. पण ‘चावा’ ऐकल्याबरोबर पुढचं वाक्य काकांनीच पुरं केलं आणि घरी येऊन ते कचाकचा चावत बसले. परिणामी उचकी. काकूंना वाटलं, कुणीतरी आठवण काढतंय. बरोबर नाव घेतलं की उचकी थांबते, म्हणून त्यांनी एकेका नातेवाइकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. पाटणच्या आत्याच्या नावाला योगायोगानं उचकी थांबली. जिच्याशी वर्षानुवर्षं अबोला, त्या आत्याला काकांनी लगेच फोन लावला. आत्या अजून त्या धक्क्यात आहे.

डॉक्टरांनी पुन्हा नीट समजावलं. तेव्हापासून गम गालात आणि काका गप्प. गप्प राहा असं कुणी सांगितलं नव्हतं. ती काकांची स्वतःची भर. ‘करायचं तं पूरं करायचं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

उन्हाळ्यात वैशाली आली. तिनं शर्ट हुंगले, उशी हुंगली, गॅलरीतल्या कुंड्या उकरल्या. काकूंची बॅग दाराशी भरून ठेवलेली. काका बोट वर करून उभे होते. शेवटी वैशालीनं बॅग आत नेली आणि एकटीच परतली.

परवा संध्याकाळी मी खालच्या मजल्यावरून वर काकांकडे गेलो. लग्नानंतर पहिल्यांदा नागपूरहून येताना तिलवाऱ्याच्या पुलावरून नर्मदा कशी दिसली, ते काकू थांबत थांबत सांगत होत्या. काकांचं बोट वर, गाल फुगलेला. काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी पडलो चौकस. अजून किती दिवस हे गम, म्हणून विचारलं.

काकांनी तोंड उघडून दाखवलं. आत काहीच नव्हतं.

“डॉक्टरनं कधीचंच बंद केलं,” ते हळूच म्हणाले.

“मग गप्प काहून बसता?”

“मी बोललो का तिचं राहून जाते. त्या पुलावर ती घाबरली होती म्हणे. मी इतके वर्षं समजून राहिलो, झोपली होती.”

आतून कपांचा आवाज आला, तशी काकांनी घाईनं तोंड मिटलं, गाल फुगवला आणि बोट वर केलं.