ब्रेकमधली हवा

मास्तरांनी लाल गाडीची चारही चाकं काढून ओळीने भिंतीला टेकवली, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. पळून जायचं असेल तर हीच वेळ आहे, असं जावयाच्या मनात आलं. पण जावई माणूस सासरवाडीतून असा पळू शकत नाही. निदान लग्नाच्या पहिल्या वर्षी तरी नाही.

गाडी जुनी, बसकी, दोनच सीटची स्पोर्ट्स गाडी. मास्तरांनी चोवीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली आणि तेवढीच वर्षं ही गाडी सांभाळली. "एक ओरखडा नाही. कंपनीचा रंग आहे, कंपनीचा," हे वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याच्या पेल्याबरोबर मिळायचं. आता डोळे साथ देईनात, म्हणून ब्रेक नीट करायचे आणि गाडी जावयाच्या हाती सोपवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. किल्ली खिशात तयार होती.

अडचण एवढीच होती, की जावयाला गाडी चालवता येत नव्हती. पहिल्याच भेटीत मास्तरांनी "गाडी येते ना?" असं विचारलं आणि हा "हो" म्हणून मोकळा झाला. दातांचा डॉक्टर तो. 'अजिबात दुखणार नाही' म्हणायची रोजची सवय, त्याच सुरात तेही निघून गेलं. मागाहून कळलं, की मास्तरांनी एका मित्राशी वीस वर्षांची मैत्री तोडली होती, कारण त्याने उसना नेलेला पाना स्वतःचाच आहे असं सांगितलं होतं. तेव्हापासून जावयाची झोप उडाली. बायको म्हणायची, "सांगून टाक एकदाचं." हा म्हणायचा, "बघू." आज ती नेमकी मैत्रिणीकडे गेली होती.

"काम सोपं आहे," लोखंडी घोड्यांवर चढवलेल्या गाडीखाली सरकत मास्तर म्हणाले. "ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरलीय. तुम्ही ब्रेक दाबून धरा, मी इथला स्क्रू सैल करतो. तेल येईल, तेलाबरोबर बुडबुडे येतील. मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही."

"बरं, बाबा."

जावई आत बसला. खाली पाहतो तर पेडल तीन. आता 'यातला ब्रेक कुठला?' असं विचारणं म्हणजे स्वतःच्या हाताने सगळं उघडं करणं. दवाखान्यातल्या खुर्चीचं पेडल डावीकडे होतं. त्याने देवाचं नाव घेतलं आणि डावीकडचं दाबलं.

"दाबलंत?"

"दाबलं."

तेलाचा थेंब आला नाही. स्क्रू तुंबला असणार, म्हणून मास्तरांनी तो काढून तारेने साफ केला. तरी नाही. मग दुसरं चाक झालं, तिसरं झालं. मग बॉनेट उघडून टाकीत तेल आहे की नाही ते पाहिलं, वर थोडं ओतलं आणि बाटली उघडीच मडगार्डवर ठेवून ते पुन्हा खाली गेले. साडेअकराच्या सुमाराला त्यांनी पायरीपायरीने सिद्ध केलं, की दोष ना स्क्रूचा, ना नळीचा. म्हणजे मुख्य सिलिंडरच गेलेला आहे. फक्त पेडल दाबणाऱ्यावर शंका घ्यायचं त्यांना सुचलं नाही. जावयावर शंका कोण घेतो?

"शेवटचं एकदा," ते खालून म्हणाले. "चांगलं जोरात. संकोच करू नका."

जावयाने संकोच सोडला. पाठ सीटला रेटून त्याने दोन्ही पाय एकदम दिले. गाडी घोड्यांवर डुलली, बाटली आडवी झाली आणि तेल मडगार्डवरून ओघळलं. जावई धावत बाहेर आला आणि फडक्याने जीव तोडून घासू लागला. ब्रेकच्या तेलाने रंग निघतो हे त्या बिचाऱ्याला कुठलं माहीत? मास्तर गाडीखालून गुडघे सावरत बाहेर येईपर्यंत फडकं लाल झालं होतं. मडगार्डवर तळहाताएवढा राखाडी डाग उघडा पडला होता.

जावयाने वाकून पाहिलं, नखाने टोकरलं. धंद्याची सवय, दुसरं काय.

"बाबा, हे भरलेलं आहे," तो म्हणाला. "आतला पत्रा चेपलाय. वरून लांबीचा लेप भरून रंग मारलाय." आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

मास्तर बराच वेळ हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"तुम्ही कुठलं पेडल दाबत होतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"डावीकडचं."

"तो क्लच."

"मला गाडी येत नाही, बाबा. कधीच येत नव्हती."

मास्तरांनी मान हलवली. "तुमच्या सासूबाईंच्या बाळंतपणाच्या वेळी, ही माहेरी असताना," ते म्हणाले. "गेटचा खांब. त्यानंतर मी रोज सांगत गेलो, की एक ओरखडा नाही. हळूहळू मलाच खरं वाटायला लागलं." तो पानेवाला मित्र त्यांना या क्षणी आठवला. त्याला एक फोन करायला हवा, असंही वाटलं.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी मडगार्ड पाहिलं.

"हे काय झालं?"

"माझ्याकडून घासली," जावई घाईघाईने म्हणाला. "चालवून बघताना."

"तसा हात चांगला आहे हो त्यांचा," मास्तर लगेच म्हणाले.

सासूबाईंनी भिंतीला टेकवलेल्या चार चाकांकडे एकेक करून पाहिलं. मग चहा ओट्यावर ठेवला.

"मला वाटलं, जुनंच आहे," त्या म्हणाल्या. "मी माहेरून आले तेव्हा खांबाला लाल रंग लागला होता. बाळ झोपलं की थोडा थोडा घासायचे. आठ दिवस लागले." आणि त्या आत गेल्या.

दोघांनी चहा संपवला. मग मास्तरांनी खिशातली किल्ली काढून जावयाच्या हातावर ठेवली आणि ते पुन्हा गाडीखाली शिरले.

"मधलं," खालून आवाज आला.

जावयाने मधलं पेडल दाबलं. नळीतून तेल आलं, आणि त्याच्याबरोबर पुष्कळ दिवसांची हवा.