मेजरची पिसे आणि चिलापीची माशी

ज्याचा जीव वाचवायचा, त्याची थोडीफार गैरसोय होतेच, हे कोणत्याही बचावकार्याचे मूलतत्त्व आहे. पलूसचे निवृत्त हवालदार हिंदुराव यांनी ते काटेकोरपणे पाळले.

बचाव करायचा होता मेजरचा. मेजर म्हणजे त्यांचा कोंबडा. (पलटण सुटली तरी पहाटे पाचला उठवायला कुणीतरी वरिष्ठ लागतोच.) लेक स्वप्ना आणि जावई कुणाल रविवारी जेवायला येणार होते, आणि हिंदुरावांच्या पत्नी आक्काताई यांनी सोमवारीच हुकूम काढला, "आवं, मासं तरी आना, न्हाईतर मेजरच्या मानंवर सुरी फिरंल."

बाजारात चिलापी नावाची मासळी ढिगाने मिळते. पण शत्रू विकत आणणे हिंदुरावांच्या शिस्तीत बसेना. तेव्हा चिलापी कृष्णेतूनच धरायची, आणि तीही घरी बांधलेल्या माशीने, असे ठरले. माशी म्हणजे गळाला पिसे आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. तो बघून माशाने भान सोडावे, अशी अपेक्षा असते.

साहित्य पुढीलप्रमाणे : बारीक गळ; शेजारच्या बिरदेवच्या काळ्या शेळीचे केस (शेळीची संमती तोंडी); आक्काताईंच्या शालूची जर (संमती घेतलेली नाही); स्वप्नाचे उरलेले नेलपॉलिश; आणि कोंबड्याची पिसे. घरात कोंबडा एकच होता.

मंगळवारी मेजरची दोन पिसे खर्ची पडली. चिलापीने माशी पाहिली आणि शेपटीने बाजूला सारली. अर्थातच पिसे कमी पडली होती. बुधवारी सात, गुरुवारी एकोणीस, शुक्रवारी मोजणे सोडले. शुक्रवारअखेर एकोणचाळीस माश्या तयार झाल्या. त्यांनी धरलेला माल : शेवाळ, एक चप्पल (डावी) आणि नावेवाल्या ज्ञानूचा सदरा, आत ज्ञानूसकट.

"आवं हवालदार, मी काय मासा हाय व्हय?" ज्ञानू ओरडला. त्याच्या म्हणण्याची नोंद घेण्यात आली.

शनिवारी अंगणात एक गुलाबी, थरथरता प्राणी फिरताना दिसला. त्याने बांग दिली तेव्हा कुठे ओळख पटली. हिंदुरावांना एकदम रडू कोसळले. ज्याला वाचवायचे, त्याला त्यांनीच सोलून तयार ठेवले होते. फक्त पाणी उकळायचे बाकी होते.

रविवारी आक्काताईंनी सुरी घेतली. मेजरकडे पुढून पाहिले, मागून पाहिले आणि सुरी खाली ठेवली.

"असला उघडा कोंबडा जावयाला घातला तर लोक म्हनतील, रोगाचं खाऊ घातलं!"

कुणालला अंड्याची आमटी मिळाली. (मासे : शून्य. मोहीम : यशस्वी.)

तेव्हापासून मेजर लष्करी मोज्याचा स्वेटर घालून बांग देतो. अंगावर पिसे दिसू लागली की हिंदुराव पुन्हा माश्या बांधायला बसतात. गावात त्यांच्या चिकाटीचे लय कौतुक आहे.

मेजर वाचला म्हणून ज्या कोमल मनाच्या वाचकांना हायसे वाटले, त्यांनी गेल्या रविवारी आपण काय जेवलो ते आठवावे. रस्सा झकास झाला असेल, तर त्याची कृती आक्काताईंना तेवढी कळवू नये. हिंदुरावांची बोटे सध्या दुखताहेत, माश्या बांधणे बंद आहे, आणि मेजरला पिसे फुटू लागली आहेत.