तात्यांच्या नकाशातली खोली

"मेल्या, भिंतीतून काय शिरतोस? दार तिकडं आहे!"

शेजारच्या तात्यांचा हा ओरडा मी लहानपणापासून खात आलोय. गंमत अशी की तिथं भिंतही नाही आणि दारही नाही. घराच्या मागच्या कोपऱ्यात नुसतं चिऱ्याचं जोतं आहे आणि वर आभाळ.

तात्यांच्या वडिलांनी हे घर बांधायला काढलं, तेव्हा रीतसर नकाशा करून घेतला होता. ओटी, माजघर, पडवी, वर कौलं, सगळं जुन्या पद्धतीचं. बाळंतिणीची खोली तेवढी जोत्यापर्यंत आली आणि वडील गेले. पुढे तात्यांना मूलबाळ झालं नाही, त्यामुळे ती राहूनच गेली. तात्यांच्या लेखी मात्र ती आहे. काकूंनी तिथं आमसुलं वाळत घातली की तात्या ती उचलून अंगणात नेऊन ठेवणार. कुणी हटकलं तर उत्तर ठरलेलं, "नकाशात बघा." आणि नकाशा खरोखरच बाहेर यायचा, त्यामुळे आम्ही हटकणं सोडून दिलं होतं.

गेल्या पावसाळ्यात परसातल्या संडासाकडे जाताना काकू घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे संडास घरालगतच हवा. मी म्हटलं, "तात्या, जोतं तयारच आहे. आठ दिवसांत उभा करू."

"तिथं नाय."

"अहो, काकू महत्त्वाच्या की नकाशा?" माझा आवाज चढला. म्हाताऱ्याचा मला खरंच राग आला होता.

 दुसऱ्या दिवशी बघतो तर गवंडी ओटीवर माप घेतोय. जिथं तात्या दिवसभर खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतात, त्या कोपऱ्यात संडास! ऐन घराच्या तोंडाशी! सगळ्या आळीत हसू झालं. ज्या नकाशाला कधी कुणाला बोट लावू दिलं नाही, त्यावर तात्यांनी स्वतःच पेन्सिलीनं चौकोन काढला होता.

"तात्या, मग तुम्ही बसणार कुठं?"

"बसेन कुठंही." त्यांनी माजघरात डोकावून पाहिलं. काकूंचा डोळा लागला होता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ही लग्न होऊन आली ना, तेव्हा त्या जोत्यावर उभी राहून मला म्हणाली, पाळणा इथं टांगायचा हां. आता तिथं संडास कसा बांधू रे?"