कॉम्प्युटरची दसऱ्याची पूजा

दसऱ्याला घरातल्या कॉम्प्युटरची पूजा आपणच करायची, असं श्रीपतीरावांनी ठरवलं आणि तिथंच माशी शिंकली. एरवी ती पूजा भामाबाई करायच्या. कॉम्प्युटरच्या डब्याला हळदीकुंकवाचं एकेक बोट, वर झेंडूचं फूल, संपलं काम. पण भामाबाई चैत्रात गेल्या. घरात बाई नाही म्हणून काही कमी पडायला नको, या विचारानं श्रीपतीरावांनी मूठभर कुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या आणि वर आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलं. (नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात जन्मभर मशीनची पूजा त्यांनी अशीच केली होती. मशीननं कधी तक्रार केली नव्हती.)

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर पडदा काळा आणि आतून नुसतं टूं... टूं... टूं.

कॉम्प्युटर जुनाच होता, लेकीच्या म्हणजे सारिकाच्या कॉलेजच्या दिवसांतला. श्रीपतीरावांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते रोज फक्त बटण दाबायचे, कारण तो सुरू होताना भामाबाई बोलायच्या. कॉम्प्युटर सुरू होताना वाजावं म्हणून सारिकानं एकदा हौसेनं आईपुढं माइक धरला होता, "आई, कायतरी गोड बोल." नेमकं तेव्हाच गॅसवरचं दूध वर आलं. त्यामुळे मागं उरलं ते एवढंच : "आवो, दूध उतू चाललंय! बसून काय ऱ्हायलाय?" त्यांचा दुसरा आवाज कुठंच नव्हता. त्यावर श्रीपतीराव "व्हय, व्हय" म्हणायचे, मगच त्यांचा दिवस उजाडायचा.

त्यांनी नाशिकला सारिकाला फोन लावला.

"आबा, कॉम्प्युटरवर पाणी शिंपडलं?"

"पानानंच गं. थोडंसं."

"मेमरीच्या पट्टीवर घाण बसली असेल. आधी प्लग काढा. आत वीतभर लांब हिरवी पट्टी असते, तिची पिवळी कड खोडरबरनं घासा आणि परत बसवा."

"अन् तुज्या आईचा आवाज?"

"बहुतेक असेल, आबा. मी दुसरीकडं ठेवला नाही तो."

समोरच मेहबूबचं दुकान. खोडरबर मागितल्यावर तो म्हणाला, "श्रीपती, ह्या वयात पैलीत नाव घातलंस व्हय?"

"कॉम्प्युटर घासायचाय."

"लय जुना झालाय त्यो. टाक की फेकून!" मेहबूब बोलून गेला. मग त्याला भामावहिनी आठवल्या आणि त्यानं दोन खोडरबर पुढं केले.

श्रीपतीरावांनी चहासाठी दूध गॅसवर ठेवलं आणि डबा उघडला. आत कुंकवाचा चिखल. त्याखाली, तळाच्या धुळीत, वरच्या जाळीतून पडलेल्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या. दरसालच्या. भामाबाईंच्या हातच्या. श्रीपतीराव तिथंच फरशीवर बसून हमसून हमसून रडले. मग नाक पुसून त्यांनी एकेक पाकळी वेचून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पट्टी घासायला घेतली. खोडरबर लालभडक झाला. पट्टी आधी उलटी धरली (कारखान्यात सुपरवायझर होते, तरीही), मग सुलटी करून दाबली तेव्हा कुठं कट् झालं.

बटण दाबलं. पडदा उजळला.

"आवो, दूध उतू चाललंय! बसून काय ऱ्हायलाय?"

"बोल, भामा, बोल! जाऊ दे उतू!" श्रीपतीरावांच्या डोळ्यांना पुन्हा धार लागली. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, परत चालू केला आणि तेच परत ऐकलं. इतक्या महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

"श्रीपती, काय जळतंय रं?" मेहबूब ओरडतच आत आला.

ओट्यावरून दुधाचा ओहोळ खाली आला होता आणि पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. श्रीपतीरावांनी गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि ओटा पुसू लागले.

"तिनं दोनदा सांगितलं रं," ते कसंबसं म्हणाले. "मीच उठलो न्हाई."

मेहबूबनं दुसरं फडकं उचललं. "तवा तरी कुटं उठत व्हतास?"